दादाने पाहिलेल्या पेशी

यकृताच्या कर्करोगाच्या पेशी प्लास्टिकच्या चपट्या बाटल्यांत वाढवायच्या, हे माझं रोजचं काम. कोल्हापुरातल्या एका प्रयोगशाळेत मी काही वर्षं तेच करते आहे. पेशीत जनुकांचा निरोप आरएनए घेऊन येतो आणि त्या आरएनएला चिकटणारी काही प्रथिनं असतात. निरोप किती वेळ टिकू द्यायचा, कधी मोडायचा, हे बरंचसं त्यांच्या हातात. त्यातलं एखादं बेसुमार झालं की वाढायला सांगणारा निरोप मोडतच नाही, पेशी वाढत राहतात. अशाच एका प्रथिनावर मी काम करते. त्यात भिण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

मग कोडोलीहून दादाचा फोन आला. दादा माझा थोरला भाऊ, गावच्या दूध डेअरीत असतो. त्याच्या रक्तात कावीळ ब, म्हणजे हिपॅटायटिस बीचा विषाणू असल्याचं रक्तदान शिबिरामुळे कळलं होतं. तो वर्षानुवर्षं राहिला की यकृताचा कर्करोग होऊ शकतो. म्हणून तेव्हापासून मीच मागे लागून त्याला सोनोग्राफीला पाठवायचे.

"लिव्हरवर गाठ हाय म्हंत्यात," तो म्हणाला. "बारकी हाय."

फोन ठेवल्यावर मी हातमोजे न काढताच कॅन्टीनपर्यंत चालत गेले होते.

सीटी स्कॅनला तो आणि वहिनी कोल्हापूरला आले. रिपोर्टला वेळ होता. वहिनीला दवाखान्यात बसवून दादा माझ्याकडे आला.

"तू ज्याच्यावर काम करतीस त्येच हाय न्हवं ह्ये? दाखव की मला."

मी टाळत होते, तो ऐकेना. शेवटी आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांना विचारून त्याला आत नेलं. सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून तो बराच वेळ बघत राहिला.

"ह्या जित्या हायत?"

"हो."

"कुणाच्या?"

"एका पेशंटच्या. फार जुन्या आहेत."

"त्यो हाय अजून?"

"माहीत नाही, दादा."

मी दुसरी बाटली ठेवली. तिच्यात ते प्रथिन आम्ही बंद पाडलं होतं.

"हिच्यात कमी दिसत्यात," तो म्हणाला. मी कारण सांगितलं तसं त्याने मान वर केली. "मग माझ्यातलंबी बंद कर की."

"बाटलीत जमतं. माणसात अजून नाही जमलेलं."

त्याने मान हलवली. मग बेसिनपाशी जाऊन कोपरापर्यंत साबण लावून हात धुवायला लागला.

"असं नाही लागत ते कुणाला," मी म्हणाले.

"म्हाईत हाय," म्हणाला, आणि धूतच राहिला.

त्या दिवसापासून बाटली हातात घेतली की मी मनात हिशेब करायचे. दोन दिवसांत या पेशी किती होतात ते मला पाठ होतं. रात्री डोळे मिटले की त्या दादाच्या पोटात दिसायच्या.

गाठ कर्करोगाचीच निघाली, पण एकच होती, रक्तवाहिनीत शिरलेली नव्हती. त्यामुळे ऑपरेशन ठरलं. ते चालू असताना वहिनी माझा दंड धरून बसली होती.

"वन्सं, तुमाला तर समदं कळतंय. सांगा की, काय हुईल?"

मला जे कळत होतं त्यातलं तिला सांगण्यासारखं काहीच नव्हतं. "डॉक्टर चांगले आहेत," एवढंच म्हणाले.

गाठ पूर्ण काढता आली. दादा पुन्हा डेअरीत जायला लागला. पण उरलेल्या यकृतात नवी गाठ होऊ शकते, म्हणून दर काही महिन्यांनी तपासणी असते. मागच्या तपासणीनंतर दिवसभर त्याचा फोन नाही. संध्याकाळी प्रयोगशाळेचा जिना उतरताना मीच लावला.

"दूध घालाय गर्दी हाय. मग बोलतो," तो म्हणाला.

"रिपोर्ट काय आला?"

"व्हय की, सांगायचंच ऱ्हायलं. चांगला हाय."

मी जिन्यातच खाली बसले. पुढची तपासणी पावसाळ्यानंतर आहे.