तालमीच्या टेप

ते प्रकरण मी अजून विसरू शकलेलो नाही. माझ्या निवृत्तीला थोडे महिने उरले असताना मल्लेश्वरमच्या आमच्या ठाण्यात साठी उलटलेल्या एक मराठी बाई फिर्याद द्यायला आल्या. मी त्यांना अक्का म्हणू लागलो. त्यांचे वडील नावाजलेले गायक. स्वतःच्या बंदिशी त्यांनी कधी मैफलीत गायल्या नाहीत, त्यामुळे त्या त्यांच्याबरोबरच गेल्या असं सगळे धरून चालले होते. प्रत्यक्षात त्यांनी त्या घरी मुलीला शिकवल्या होत्या आणि तिच्या रियाजासाठी तालीम टेप करून ठेवली होती. त्या टेप आता कपाटातून नाहीशा झाल्या होत्या.

"आमच्या घरातली मुलगी गाणार नाही, असं बाबा बाहेर सांगायचे," अक्का म्हणाल्या. "मला त्यांनी शिकवलं, हे कुणी मानत नाही. तेवढाच पुरावा होता, साहेब."

कपाटाचं कुलूप शाबूत होतं. घरच्याच माणसाचं काम, हे मी तेव्हाच ताडलं. अक्का मात्र ते ऐकून घ्यायला तयार नव्हत्या.

मग एका ओळखीच्या कानडी तबलजीचा फोन आला. "सार, एचएसआर लेआउटच्या एका स्टुडिओत स्वल्प, जरा बघून या."

तिथे पंचनामा केला. टेप मिळाल्या नाहीत, पण संगणकात सगळं गाणं होतं, साफसूफ केलेलं, अक्कांच्या थोरल्या भावाच्या नावावर. 'हरवलेल्या बंदिशी सापडल्या' म्हणून प्रकाशनाचा बेतही ठरला होता.

भाऊ सरकारी कारखान्यातले निवृत्त इंजिनिअर, जे. पी. नगरला राहणारे. ठाण्यात चहा घेत शांतपणे म्हणाले, "बाबा एकटेच गात बसायचे. टेप माझ्याकडेच होत्या."

खोटं बोलणारा माणूस फार नीटनेटकं बोलतो. मी वाद घातला नाही, गाणं लावलं. वडील एक ओळ गात आणि थांबत. तानपुरा चालूच. मग तीच ओळ पुन्हा, जरा सावकाश. लहानपणी आईने मलाही गाण्याच्या शिकवणीला बसवलं होतं. तिथे असंच चालायचं, गुरुजी गाऊन थांबायचे आणि आम्ही मागून म्हणायचो.

"अण्णा, एकटा माणूस दर ओळीनंतर कुणासाठी थांबतो?"

त्यांनी कप खाली ठेवला. "लोकांना बाबा ऐकायचे आहेत. मध्येमध्ये तिचं चाचपडणं कोण ऐकणार? काढायला लावलं."

मूळ टेप त्यांनी भंगारात दिल्या होत्या. स्टुडिओनेही तिचा आवाज ठेवला नव्हता.

खुनाच्या आरोपीसमोरही मला एवढा संताप आला नव्हता. पण वडिलांच्या वस्तूंवर मुलाचाही हक्क, चोरीचा गुन्हा टिकणार नाही, असं सरकारी वकिलांनी कळवलं. 'बी' रिपोर्ट पाठवून आम्ही तपास बंद केला. प्रकाशन थाटात झालं. वस्तू गेली तर कलम शोधता येतं. एखाद्याचं शिकणंच पुसून टाकलं, तर फिर्याद कशाची लिहायची, हे मला सगळी नोकरी करूनही कळलं नाही.

रिपोर्टच्या नोटिशीवर सही करायला अक्का आल्या. "साहेब, त्या टेपवर बाबा मला एकदाच 'छान' म्हणाले होते. तेवढं तरी राहिलंय का?"

मी सगळं गाणं नीट ऐकलं होतं. "नाही, अक्का."

"सरी, ठीक आहे," त्या म्हणाल्या आणि सहीसाठी पेन मागितलं.