उसाचा डोळा, माझा डोळा

शालन गेल्याचा फोन सांगलीहून आला तेव्हा मी साताऱ्यातल्या घरी चहा गाळत होते. "झोपेतच गेली," तिचा भाऊ म्हणाला. काळजात चर्र झालं आणि पाठोपाठ मनात आलं... हिला मरणसुद्धा सोपं मिळालं. त्याला महिना झाला. माझी जळजळ काही गेलेली नाही, म्हणून सरळ लिहूनच टाकते.

कृषी महाविद्यालयात आम्ही एका बाकावर. ती म्हसवडची, बोलणं शेवटपर्यंत माणदेशी. मी उसाच्या रानात वाढलेली. कांडीवरचा डोळा, म्हणजे जिथून कोंब फुटतो तो, नुसता बघून वाण सांगायची. सर माझं कौतुक करायचे. पण पिकांची डीएनए तपासणी शिकायला हैदराबादला जायचं ठरलं, अर्ज दोघींनी केले आणि निवड झाली तिची! मी इथल्या ऊस संशोधन केंद्रातच राहिले.

मग इस्लामपूरकडची ती चोरी झाली. आमच्या केंद्रात तयार झालेलं, अजून कुणालाच न दिलेलं नव्या वाणाचं बेणं, म्हणजे लावणीचा ऊस, चोरांनी कापून नेलं. पुढच्या हंगामात तसाच ऊस एका बागायतदाराच्या रानात उभा दिसला. मी बांधावरूनच म्हणाले, हा आमचाच. कोर्टात त्याचा वकील हसला. "बाई, नुसतं बघून माणसाला तुरुंगात धाडायचं का?" माझी साक्ष तिथंच आडवी झाली. आमची कित्येक वर्षांची मेहनत त्या माणसाच्या नावावर जाणार, हे मला दिसत होतं. शेवटी शालननं त्याच्या रानातलं आणि आमच्या खोडव्यातलं, म्हणजे कापलेल्या बुडख्यांतून पुन्हा फुटलेल्या उसातलं, पान तपासलं. डीएनएच्या फोटोत पट्टीला पट्टी जुळली. मी आधीपासून तेच तर सांगत होते! पण पेपरात नाव आलं तिचं. मला रागानं रडू आलं होतं.

वकिलानं तिलाही सोडलं नव्हतं. "केंद्राच्या खोडव्यात वाण पुष्कळ. तुम्ही घेतलेलं पान त्याच वाणाचं, हे कशावरून?"

"डोळ्यावरनं."

"कांडीच्या?"

"न्हाई वो, सुमनच्या." तिनं माझ्याकडं बोट केलं. "पान तिनं खुडून दिलंय. माझी तपासणी दोन पानं सारखी हायत एवढंच सांगती. वाण कुठला त्ये तिलाच ठावं."

सगळं कोर्ट हसलं. त्या माणसाला शिक्षा झाली, पण मला वाटलं हिनं चारचौघांत माझी थट्टा केली. बाहेर आल्यावर म्हणाली, "चल गं, रस पिऊ." मी एसटी चुकेल म्हणून निघून आले.

परवा तिच्या सांगलीतल्या प्रयोगशाळेत गेले. फ्रिजमध्ये इवल्या नळ्यांच्या रांगा होत्या आणि उसाच्या प्रत्येक नळीच्या टोपणावर निळ्या शाईत 'सु'. तिथले सहकारी म्हणाले, "मॅडमचा दंडकच होता. 'सु' म्हणजे तुम्ही ओळखून दिलेलं पान; त्या नळीशी जुळल्याशिवाय अहवालावर सही करायची नाही."

म्हणजे ती थट्टा नव्हतीच... भर कोर्टात ती मला मोठं म्हणाली होती. मला तिला तसं एकदाही म्हणता आलं नाही. इथंही तीच पुढं!

बाहेर रसवंती होती. चरकाशेजारच्या मोळीतल्या कांडीचा डोळा बघितला, वाण ओळखला आणि सांगायला वळले. शेजारी कुणी नव्हतं.