बगळ्या कड्याची वाट

धाकलू ठोंबरेचं घर कर्जतकडच्या कोंडाणे लेण्यांच्या अलीकडे, बगळ्या कड्याच्या पायथ्याला. भाताची दोन खाचरं, एक म्हैस आणि बायको इंदूबाई, एवढाच त्याचा संसार, मूलबाळ नव्हतं. तरणाबांड असताना तो कड्याच्या कपारींत उतरून गवत कापून आणायचा. त्या कड्याची चीर न् चीर त्याला ठाऊक.

पंचाहत्तर सालच्या हिवाळ्यात ठाण्याच्या कारखान्यातला एक फिटर, कान्हा म्हात्रे, चार सोबती आणि दोर घेऊन कडा चढायला आला आणि करवंदीच्या जाळीत अडकला. धाकलूनं कोयत्यानं वाट काढून दिली. कशापायी चढता, असं गावात ज्यानं त्यानं त्या पोरांना विचारलं. धाकलूनं नाही विचारलं. तो स्वतः कपारीत उतरायचा तेव्हा गवत हे अर्धंच कारण असायचं.

मग दरवर्षी दसरा झाला की ही मंडळी दोन रविवार कामाला येऊ लागली. पावसानं वाट बुजलेली असे. ते जाळ्या तोडत, वाहून गेलेल्या पायऱ्या पुन्हा बसवत, हलते धोंडे पहारीनं सुटे करून खाली लोटत. मजुरी कोणी मागत नसे. इंदूबाई सगळ्यांना भाकऱ्या थापून घाली.

ही वाट धाकलूच्या चुलतभावाच्या, पदूच्या बांधावरून जायची. पदू सात वर्षांनी थोरला. धाकलूला नांगर धरायला त्यानंच शिकवलेलं. चार वर्षं त्यानं कोणाला अडवलं नाही. पण एकोणऐंशीच्या जानेवारीत चढणाऱ्याच्या पायाखालचा एक धोंडा सुटला आणि खाली चरणाऱ्या पदूच्या खोंडाच्या पाठीवर पडला. कणा मोडला. दुपारभर खोंड पुढचे पाय मारत ओरडत होतं. शेवटी पदूनंच कुऱ्हाडीनं त्याला सोडवलं. कान्हा हात जोडून म्हणाला, "दादा, आम्ही भरून देतो." पदूनं तीच रक्ताची कुऱ्हाड त्याच्या पायाशी मारली.

"तुमचा खेळ होतो अन् माझं जनावर मरतं. पुन्यांदा दिसू नका हितं."

पदूनं बांधावर काटेरी कुंपण घातलं. त्या दसऱ्याला मंडळी ओढ्याच्या अंगानं चढली, आणि रान तोडायला सगळ्यांच्या पुढं धाकलू होता. पदूनं ते बांधावरून पाहिलं. भावकीतला माणूस आपल्या विरुद्ध उभा राहिला, हे त्याच्या डोक्यात बसलं.

दुसऱ्या रविवारी दुपारी कमळ्या नावाचा पोरगा दोराला लटकून मधल्या कपारीतलं झुडूप काढत होता. खाली साठ फूट मोकळं. दोर वर उंबराला बांधलेला, आणि जवळच धाकलू पहारीनं एक पायरी बसवत होता. त्याला पाठीमागं खाट असा आवाज आला. पदू उंबराशी होता. दोराच्या तीन पिळांतला एक तुटून उलगडत होता आणि कोयता पुन्हा वर गेला होता.

"पदूदादा, माणूस हाय रं खाली!"

"खोंड बी होतं खाली."

धाकलूनं झेप घेतली आणि उतरतं पातं डाव्या हातानं धरलं. दोन बोटं तिथंच पडली. पदूनं कोयता हिसडून त्याच्या खांद्यावर मारला. धाकलूनं उजव्या हातातली पहार फिरवली. पदूचा गुडघा फुटला, तरी तो पडता पडता धाकलूच्या अंगावर आला आणि त्याच्या मानेला दातांनी झोंबला. दोघे कड्याच्या काठापर्यंत लोळत गेले. कान्हा धावत आला, त्यानं पदूला केस धरून ओढलं आणि दगडावर आपटलं. आणखी दोनदा आपटलं. धाकलूनंच त्याचा हात धरला. "बास. मरंल तो. पोराला वर घे."

कमळ्याला दोन पिळांवर वर घेतलं.

दोघा भावांना एकाच टेंपोत घालून कर्जतला नेलं. फळीवर दोघांचं रक्त एकमेकांत मिसळत होतं. पदू एकदाच बोलला. "हात हाय का गेला?"

"दोन बोटं गेली."

पदूनं तोंड फिरवलं.

तिसऱ्या दिवशी पदूच्या मेव्हण्यांनी धाकलूची पेंढ्याची उडवी पेटवली. इंदूबाई आडवी आली तेव्हा पदूच्या बायकोनं, मैनानं, तिच्या कपाळावर धोंडा घातला. इंदूबाईनं पदरानं रक्त दाबलं आणि म्हैस सोडून बाहेर काढली.

कोर्टात धाकलूला विचारलं, दोर पदूनं कापायला घेतला होता का?

"व्हय."

गुडघा कोणी फोडला?

"मी."

पदूला दीड वर्षाची शिक्षा झाली, धाकलूला सोडलं. घरी येऊन तो दोन दिवस जेवला नाही. खरं सांगितलं होतं, आणि तरी आपणच भावाला आत घातलं असं त्याला वाटत राहिलं.

पुढच्या दसऱ्याला कान्हा एकटाच विचारायला आला, आता यायचं की नाही. धाकलूनं आपल्या वरच्या खाचराची एक पट्टी वाटेला सोडली. अट एकच घातली: पायथ्याला जनावर असेल तर कोणी चढायचं नाही, आणि खाली एक माणूस कायम उभा राहील. त्या वर्षी चौदाजण आले. तुटक्या हातानं धाकलू दगड दाखवायचा, ते बसवायचे. कड्यापर्यंत बेचाळीस पायऱ्या झाल्या.

पदू सुटून आला तो काठी टेकत. कड्याच्या अंगाला त्याची गवताची वरकस जमीन होती. बांधावरची जुनी वाट रानानं बुजलेली, आणि ओढ्याची चढण त्या गुडघ्याला जमेना. एके सकाळी इंदूबाईनं पाहिलं, पदू धाकलूच्या खाचरातून पायऱ्यांनी वर चालला होता. "तुमचे दादा," ती हळूच म्हणाली. धाकलू गोठ्यातून हलला नाही.

असं तीन वर्षं चाललं. एकमेकांशी अक्षर नाही. मग चौऱ्याऐंशीच्या कार्तिकात पदू उतरताना दारासमोर थांबला.

"धाकल्या, वरची तिसरी पायरी हालती. एखांदा पडंल."

"बघतो," धाकलू म्हणाला.

त्यानं लगेच वर जाऊन पायरीखाली दगडाची चीप ठोकली, वर उभं राहून दोनदा नाचून पाहिलं. खाली आला तर पदू अजून ओट्याच्या कडेला बसलेला. इंदूबाईनं कपाळावरचा व्रण पदरानं झाकला, आत जाऊन चहा ठेवला आणि बशा तीन काढल्या.