NHY

हे लिहू की नको, असं करत दोन महिने गेले. इथले अनुभव मी बरेच दिवस वाचतोय, पण खरं सांगायचं तर त्यातले निम्मे मला खोटे वाटायचे. भुतंखेतं, संकेत, असलं काही मी कधी मानलं नाही. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच, त्यामुळे अशा गोष्टी मानणं मला जरा कमीपणाचंच वाटायचं. माझ्या अनुभवात भूत नाहीच... म्हणूनही कदाचित लिहायला जड जातंय.

मी चौकचा. उत्तनच्या पुढे किनाऱ्याला लागून आमचं गाव आहे, तिथे आम्ही ख्रिस्ती कोळी. घरात आय, मी आणि माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा भाऊ मेल्विन. बाबा मी लहान असतानाच गेले. दादा आठवीत शाळा सोडून बोटीवर जायला लागला आणि मी शिकलो. हे सरळ एका वाक्यात लिहिलं, पण ते तसं सरळ नव्हतं.

दादाला एकच शौक होता. भाईंदर पश्चिमेला स्टेशनजवळच्या गल्लीत तेव्हा एक व्हिडिओ गेमचं दुकान होतं. आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात. बोटी बंद असल्या की दादा मला बसने तिथे न्यायचा. कोपऱ्यातल्या मशीनवर एक जुना गेम होता – खेकडा जाळीवरून वर चढतो आणि वरून दगड पडतात, एवढंच. चांगला स्कोअर झाला की मशीन खेळणाऱ्याचं नाव मागायचं, तीन इंग्रजी अक्षरांत. दादाला वाटायचं, मशीन विचारतंय, "अजून हाय का न्हाय?" म्हणजे गडी अजून खेळायला आहे का. मग आणखी खेळायचं असलं की तो HAY टाकायचा, आणि घरी निघताना NHY. हाय आणि न्हाय. कित्येक वर्षं! त्या मशीनवरची पहिली सगळी नावं HAY नाहीतर NHY अशीच होती, आणि दुकानवाल्यालाही कधी कळलं नाही की हा कोण.

दादाचा सगळ्यात मोठा स्कोअर होता ४८६५३. हा आकडा लक्षात ठेवा. त्या गेममध्ये दहा-दहाचेच पॉइंट मिळतात, म्हणजे स्कोअरच्या शेवटी कायम शून्य हवं. पण त्या मशीनमध्ये काहीतरी बिघडलं होतं आणि शेवटी ३ यायचा. दादा त्याला "माझा तीन" म्हणायचा.

मागच्या वर्षी कॉलेजचे चौघे मित्र आमच्याकडे समुद्र बघायला आले होते. दादाने स्वतः बोंबील तळून वाढले. जेवताना गेमचा विषय निघाला आणि मी... मी ती NHY ची गोष्ट सांगितली. दादाच्या समोर. मित्र माझ्यापेक्षा बऱ्या घरातले, इंग्रजी शाळेतले. मला त्यांना हसवायचं होतं. ते हसलेच. हार्दिक म्हणून माझा मित्र आहे, तो तर ताट बाजूला ठेवून हसला. मग जाईपर्यंत दादाला एकच प्रश्न, "दादा, और बोंबील है के न्हाय?" "दादा, पानी हाय का?" दादाही हसत होता. मी सगळ्यांपेक्षा मोठ्याने.

ते गेल्यावर दादा भांडी विसळता विसळता म्हणाला, "बारक्या, मशीन नाव इचारीत व्हता?"

"हो."

"तुना कवा कलला?"

"पाचवीत असेन."

"मंग तवाच सांगाचा ना रे." एवढंच म्हणाला. रागावला नाही.

आठ दिवसांनी तो बॅग भरून गेला. गुजरातकडे मोठ्या ट्रॉलरवर काम मिळालंय म्हणाला. महिनाभर फोन यायचा. मग फोन बंद. आम्ही तक्रार दिली, मी दोनदा तिकडच्या बंदरांवर जाऊन आलो. कोणाला काही माहीत नाही. बोट बुडाल्याचीही बातमी नाही. तो आहे की नाही हे सांगणारा एक माणूस भेटला नाही.

आय मात्र ठाम होती. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ती चर्चमध्ये दादाच्या नावाने मिस्सा, म्हणजे खास प्रार्थना, ठेवायची, "सुखरूप परत येण्यासाठी". त्यासाठी चर्चमध्ये द्यायची चिठ्ठी मी लिहायचो, कारण तिला लिहिता येत नाही. आणि मी कॉलेजातून घरी आलो की दारातच तिचा प्रश्न, "काय कलला का? मेल्विन हाय का न्हाय?" चौदा महिने, रोज, त्याच शब्दांत.

आता मुख्य गोष्ट. ह्या वर्षी एक मोठा ऍनिमेशन सिनेमा येणार होता, एका खारीच्या पिल्लाचा. नाव मुद्दाम देत नाही. त्याच्या ट्रेलरमध्ये जुन्या व्हिडिओ गेमचे खूप संदर्भ लपवले होते. हार्दिकचं असल्या गोष्टींचं चॅनेल आहे. आम्ही कॅन्टीनमध्ये बसून ट्रेलर एकेक फ्रेम थांबवून बघायचो आणि यादी करायचो. मी त्यात हुशार होतो. भिंतीवरचं चित्र, टोपीचा रंग, मागे वाजणारी धून... मला चटकन दिसायचं. त्या ग्रुपमध्ये मला किंमत होती ती तेवढ्यासाठीच.

दुसऱ्या ट्रेलरमध्ये ते पिल्लू एका दुकानासमोरून पळतं. अर्धा सेकंद. आत कोपऱ्यात एक मशीन. पडद्यावर जाळी, खेकडा, आणि वर –

NHY ४८६५३

हार्दिकने माझ्या आधी वाचलं. "अबे, ये तो तेरा भाई है." मग मोठ्याने, सगळ्या टेबलांना ऐकू जाईल असं, "NHY फेमस हो गया रे! हाय का न्हाय?" सगळे हसले. मीही हसलो. सवयीने.

अक्षरांची गोष्ट मी सांगितली होती, पण आकडा कधीच कोणाला सांगितला नव्हता. आणि ट्रेलर काही हार्दिकने बनवलेला नाही, अख्ख्या जगाला तोच दिसत होता. रात्री मी परदेशी फॅन लोकांची चर्चा वाचली. तिथे यादीत लिहिलं होतं, "NHY – बहुतेक कोणा कलाकाराची आद्याक्षरं. स्कोअर चुकलाय, ह्या गेममध्ये शेवटी शून्यच येतं." ते मशीन भंगारात जाऊन दहा वर्षं झाली असतील.

मला काय वाटलं ते प्रामाणिकपणे लिहितो. मला आनंद झाला. दादा NHY टाकायचा तो घरी निघताना. मला वाटलं, तो घरी निघालाय.

दुसऱ्या दिवशी कॉलेज सोडून मी दुपारीच घरी आलो. आय ओट्यावर जवळा निवडत बसली होती. मी फोन तिच्यासमोर धरला. "आय, हे बघ. दादाच्या मशीनवर दादाने लिहिलंय. तोच आकडा."

तिने हात पुसले आणि फोन लांब धरून बघितला. "काय लिवलाय?"

मी म्हणालो, "न्हाय."

शब्द तोंडातून गेल्यावर मला ऐकू आला.

आयने त्या अक्षरांवरून एकदा बोट फिरवलं. मग फोन परत दिला आणि पुन्हा जवळा निवडायला लागली. त्यातला एक बारीक खेकडा उचलून बाजूला टाकला. म्हणाली, "बरा. इतके दिस इचारीत व्हते. सांगला कोनीतरी."

"आय, तसं नाही. तो घरी येताना असं लिहायचा. खेळ संपला, चाललो घरी, असं."

"तू कालेजात जातंस. तू सगल्याचा बरा अर्थ काडतंस."

मी खूप बोललो. हा नुसता सिनेमा आहे, योगायोग असेल, असंही म्हणालो. म्हणजे पाच मिनिटांपूर्वी जे खरं म्हणून आणलं होतं तेच खोटं ठरवत होतो. तिने एकदाही वर बघितलं नाही.

पुढच्या रविवारी चिठ्ठी मीच लिहिली. तिने सांगितलं तसं, "मेल्विनच्या आत्म्याच्या शांतीसाठी." चर्चमध्ये चिठ्ठ्या घेणाऱ्या बाईंनी विचारलं, "नक्की ना?" आय म्हणाली, "नक्की." मिस्साच्या वेळी गेलेल्यांच्या यादीत दादाचं नाव वाचलं गेलं. संध्याकाळी तिने त्याचे कपडे शेजाऱ्यांना दिले. त्याचा एक निळा शर्ट आता शेजारचा रॉनी घालून फिरतो.

सोळा दिवसांनी शेवटचा ट्रेलर आला. तेच दुकान, तेच मशीन, तोच आकडा. अक्षरं फक्त बदललेली. HAY.

फॅन लोकांनी त्याला चूक म्हणून नोंदवलं, दोन ट्रेलरमध्ये नाव वेगळं. हार्दिकने व्हिडिओत त्यावर जोक केला. मी कॅन्टीनमधून उठून बाहेर आलो आणि चौकची बस पकडली.

सिनेमा लागला तेव्हा मी एकटाच पहिला शो बघायला गेलो. पिल्लू त्या दुकानासमोरून पळतं. पण आत कोपऱ्यात मशीनच नाही. तिथे झाडाची कुंडी आहे. पुन्हा दोनदा पाहिला. कुंडीच आहे. ट्रेलर मात्र अजून तसेच आहेत, कोणीही बघू शकतं. ट्रेलरमधले काही शॉट सिनेमात नसतात हे मला माहीत आहे. तेवढ्याने माझं भागत नाही. तो आकडा तिथे गेला कसा? आणि HAY चा अर्थ काय घ्यायचा, दादा आहे, की खेळ अजून बाकी म्हणून तो एवढ्यात घरी येणार नाही, हेही मला कळत नाही. दोन्ही खरं असू शकतं.

HAY दिसलं त्या दिवशी बसमधून उतरून धावत घरी गेलो होतो. आय ओट्यावरच होती. आता ती दारात काही विचारत नाही, पण माझा चेहरा बघून तिने विचारलं, "काय रे?"

फोन माझ्या हातात होता, त्यावर ती फ्रेम थांबवलेली. तिच्या मागे खुंटी रिकामी होती, जिथे दादाचा शर्ट असायचा. एकदा मी सांगितलं होतं आणि तिने त्याला पुरलं होतं. आता पुन्हा सांगितलं, तर ती रोज दारात विचारणार... आणि हेही खोटं निघालं, तर?

"काय न्हाय," मी म्हणालो.