नाताळच्या कार्डावरचं मीठ

माझी मोठी बहीण बर्फ फार चांगला काढायची. प्रत्यक्षात तिने बर्फ पाहिला होता तो मासळीच्या टोपलीत, भुसा लागलेला, आणि त्यावरून नाताळचं चित्र सुचणं अवघड होतं. तरीही सत्तरच्या दशकाच्या शेवटी एका वर्षी आमच्या गावाला बर्फ पुरवण्याचं काम तिच्याकडे आलं, आणि ते कसं पार पडतं यावर तिचं पुढचं आयुष्य ठरायचं होतं.

या पावसाळ्यात ती गेली. तिच्याविषयी लिहायला बसलं की आधी हेच आठवतं, आणि हसू येतं. दुखवट्याच्या घरात हसू बरं दिसत नाही, म्हणून एकटी बसून, सावकाश लिहिते आहे.

आमची वाडी वसईत, पापडीकडे जाणाऱ्या रस्त्याला. केळी, पानवेली, मध्ये विहीर. डिसेंबरात पहाटे गवतावर दव असायचं आणि दुपारी माणसं गंजीफ्रॉकवर फिरायची. पण नाताळ म्हटला की गावाला बर्फ लागायचा. बोटीवर आणि आखातात नोकरीला गेलेली मंडळी तिकडून कार्डं पाठवायची. त्यांवर बर्फाखाली वाकलेली झाडं, बर्फात रुतलेलं देऊळ (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो) आणि जाड कोट घातलेली मुलं असायची. ती कार्डं ओटीवर दोरीला टांगायची आणि पार उन्हाळ्यापर्यंत काढायची नाहीत. ज्या घरी जास्त बर्फ, ते घर मोठं.

ताईने शाळेत असताना चित्रकलेच्या सरकारी परीक्षा दिल्या होत्या. तिला मुंबईला चित्रकलेच्या शाळेत जायचं होतं. पप्पांना तिने टायपिंग शिकायला हवं होतं. घरात आम्ही आमची बोली बोलायचो आणि तिच्यात हे भांडण पुष्कळ तिखट होतं. इथे शाळेतली मराठी लिहिते.

"टायपिंग येणारी मुलगी कधी उपाशी राहत नाही," पप्पा म्हणायचे.

"आणि चित्रं काढणारी राहते?"

"ती कशी राहील? ती बापाच्या घरी जेवते."

त्या वर्षी आमच्या चर्चच्या फादरांनी ठरवलं की धर्मग्रामातल्या प्रत्येक कुटुंबाला नाताळचं कार्ड द्यायचं, आणि तेही हाताने केलेलं. ते काम त्यांनी ताईला सांगितलं. पप्पांनी जेवताना निकाल देऊन टाकला. "गावाला कार्डं पसंत पडली तर जा मुंबईला. नाही पडली तर जानेवारीपासून टायपिंगचा क्लास." आईने तिच्या पानात आणखी एक पाव वाढला. आमच्या घरात पाठिंबा असाच व्यक्त व्हायचा.

कार्डांवर लक्ष ठेवायला अर्थातच एक समिती झाली. अध्यक्ष होते पप्पांचे चुलतभाऊ, आमचे काका. ते निवृत्त मुख्याध्यापक. त्यांचं अक्षर पंचक्रोशीत प्रसिद्ध होतं, आणि ते प्रसिद्ध आहे हे सांगण्याचं कामही तेच करायचे. बाकीचे दोन सदस्य काका बोलत असताना मान हलवायचे.

ताईने पहिला नमुना मन लावून केला. टाकाने, पाण्याने न विरघळणाऱ्या काळ्या शाईत बारीक रेघा, आणि शाई वाळल्यावर वरून पातळ रंग. गोठा आमच्याच वाडीतला होता. गवताने शाकारलेला, शेजारी केळ, दारात आमची तांबडी गाय. मारियामातेने आमच्याकडच्या बायकांसारखं लाल लुगडं नेसलं होतं.

काकांनी चष्मा लावून पाहिलं. "बाळ येशू केळीखाली जन्मला नव्हता."

"बर्फात तरी कुठे जन्मला होता, काका?"

दोन सदस्यांच्या माना हलायच्या थांबल्या. काकांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मग म्हणाले, "बर्फ नाताळचा असतो. त्याला जन्माशी काही घेणं नाही."

दुसऱ्या नमुन्यात केळ गेली, लुगडं गेलं, गाय राहिली पण परदेशी झाली, तिच्या शेजारी गाढव आलं. गोठ्याच्या छपरावर बर्फ आला. जलरंगात पांढरा रंग लावायचा नसतो; जिथे पांढरं हवं तिथला कागद नुसता सोडायचा. ताई म्हणायची की रंग लावणं सोपं आहे, सोडणं अवघड आहे. तिने छप्पर सोडलं, जमीन सोडली, देवळाचा कळस सोडला. भोवती संध्याकाळचा निळा वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ थर, असा उतरवला, की कोऱ्या कागदाकडे पाहून मला थंडी वाजली.

"इथे रंग द्यायचा राहिला," काका म्हणाले.

"तो बर्फ आहे."

"हा कागद आहे, बाय. मी पस्तीस वर्षं कागद तपासले. कोरी जागा सोडणाऱ्याला मी गुण दिले नाहीत."

पप्पा कोपऱ्यात बसून ऐकत होते. ताईने त्यांच्याकडे पाहिलं आणि नमुना उचलून आत आली. मला वाटलं रडेल. ती स्वयंपाकघरात फळीवरच्या मिठाच्या बरणीपाशी गेली.

खाडीकाठच्या मिठागरांतलं जाडं मीठ आमच्याकडे घरोघर असायचं. तिने ते पाट्यावर अर्धवट भरडलं. कागदावर निळा वॉश दिला आणि कागद तिरपा धरून त्याची चकाकी पाहत बसली. पाणी फार असताना मीठ टाकलं तर ते विरघळून जातं, आणि कागद वाळल्यावर टाकलं तर काहीच होत नाही. चकाकी जाता जाता, पण जायच्या आत, टाकायचं. तिने चिमूटभर मीठ आभाळावर भुरभुरलं. प्रत्येक कण आपल्याभोवतीचं रंगाचं पाणी ओढू लागला आणि निळ्यात पांढऱ्या चांदण्या फुटल्या. बर्फ पडू लागला. पूर्ण वाळल्यावर कोरड्या कुंचल्याने मीठ झटकायचं, की काम झालं.

पण ते झटकायच्या आतच काका आले. खिडकीतल्या उन्हात मिठाचे कण चमकत होते.

"चमक!" काका म्हणाले. "फॉरेनच्या कार्डावर असते तशी चमक! हे काढायचं नाही."

"काका, हे मीठ आहे. ठेवलं तर पाणी धरेल."

"पावसाळ्यात धरतं. नाताळात मीठ कोरडं असतं. आमची मिठागरं होती, मला सांगतेस?" एवढ्यावर ते थांबले नाहीत. "उलट आणखी लाव. मातेच्या डोक्यामागच्या तेजोवलयावर डिंकाने चिकटव. तेज दिसलं पाहिजे."

पप्पा म्हणाले, "काका सांगतात तसं कर." त्या एका वाक्यात मुंबई होती आणि टायपिंगचा क्लासही. ताईने डिंक भिजत घातला.

महिनाभर आमची ओटी कार्डांनी भरून गेली. मी कागद कापायची आणि मीठ भरडायची. सगळी कार्डं झाल्यावर ती काकांच्या घरी गेली, कारण आतला मजकूर त्यांना स्वतःच्या अक्षरात लिहायचा होता. ताईने तिच्या काळ्या शाईची बाटली पुढे केली. काकांनी ती नाकारली. त्यांच्या पेनात कायम निळी शाई असायची, आणि आपलं अक्षर निळ्यातच उठून दिसतं असं त्यांचं मत होतं. शुभेच्छा एका ओळीत मावल्या. खाली अध्यक्षांची सही, पदवी आणि पूर्वीचा हुद्दा चार ओळींत.

जलरंग दिलेला कागद वाळला की वाकडा होतो. काकांच्या टेबलावर कार्डांची टोकं वर वळू लागली. या अडचणीवर काकांनी जो उपाय केला तो वसईबाहेरच्या माणसाला सुचला नसता. आमच्या वाड्यांतून विड्याची पानं बाजाराला जायची ती हिरव्या केळीच्या पानांत बांधून, वरून ओलं गोणपाट लपेटून. त्याने पानं वाळत नाहीत, वळत नाहीत, दूर गेली तरी सपाट राहतात. पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव होता. काकांनी कार्डांचे गठ्ठे केले, केळीच्या पानांत बांधले, गोणपाटावर पाणी शिंपडलं आणि चर्चमध्ये पोचवले.

नाताळच्या आधीच्या रविवारी सकाळच्या मिस्सेच्या प्रार्थनेनंतर कार्डं वाटली. ती सपाट होती, हे मान्य करायला हवं. मात्र आतल्या शुभेच्छांचं तळं झालं होतं. सही, पदवी, हुद्दा सगळं एकमेकांत मिसळून पानभर निळं आभाळ पसरलं होतं. ताईच्या काळ्या रेघा जशाच्या तशा होत्या. ती माझ्या शेजारी उभी होती, आणि पुरुषांच्या घोळक्यातून पप्पा सावकाश आमच्याकडे येत होते. "टायपिंग," ती हळूच म्हणाली.

तेवढ्यात अंगणात किंकाळी ऐकू आली. गास गावाहून आलेली आमची मावशी, म्हणजे आईची थोरली बहीण, हातात कार्ड धरून गुडघ्यांवर बसली होती.

"माता रडते आहे! बघा, माता रडते आहे!"

तेजोवलयावरच्या मिठाला पाणी सुटलं होतं आणि आभाळाचा निळा रंग घेऊन ते मारियामातेच्या डोळ्याखालून गालावर उतरलं होतं. बायका जमल्या. एकीने शंका काढली, "दव असेल." मावशीने तो थेंब बोटावर घेतला आणि जिभेला लावला.

"खारट आहे," ती म्हणाली.

त्यापुढे शंकेला जागा उरली नाही. सगळ्यांनी आपापली कार्डं चाखून पाहिली. आमच्या घरच्या कार्डावर माता कोरडी होती आणि गाढव रडत होतं. त्याची कोणी दखल घेतली नाही.

दुपारपासून आमच्या ओटीवर जपमाळ सुरू झाली. बायका ताईच्या कुंचल्यांना हात लावून तो कपाळाला लावायच्या. दोन दिवसांनी कॉन्व्हेंटच्या सिस्टर येऊन चहा घेऊन गेल्या आणि जाताना ताईच्या गालाला हात लावून म्हणाल्या, "देव कोणाला कसं बोलावतो, सांगता येत नाही." पप्पा एकदम वेगळ्या आवाजात बोलू लागले.

"अशा मुलीला टायपिंगला पाठवणं बरं नाही," ते आईला म्हणाले.

"मग मुंबईला?" ताईने विचारलं.

"मुंबईला कशी? सिस्टर होशील. घराण्यात अजून कोणी झालेलं नाही."

ताईची अशी कोंडी झाली. मीठ म्हणावं तर कार्डं बिघडली आणि टायपिंग. अश्रू म्हणावेत तर मठ. मुंबईला जाणारा रस्ता दोन्हीकडून बंद होता. मी तिला म्हटलं, "गप्प राहा, नाताळ होऊन जाऊ दे." ती म्हणाली, "गप्प राहिले तर पुढच्या नाताळात मी पांढऱ्या झग्यात असेन." आणि मिठाची बरणी काखेत घेऊन ती फादरांकडे निघाली. पप्पा मागून, पप्पांच्या मागून काका, आणि सगळ्यांच्या मागून मावशी.

फादरांच्या टेबलावर तिने कागद ओला केला, निळा वॉश दिला, मीठ टाकलं. मग एक तयार, अजून कोरडं असलेलं कार्ड ओल्या केळीच्या पानात गुंडाळून ठेवलं आणि सगळे वाट पाहत बसले. फादर मुळात अबोल. त्यांनी सर्वांना केक दिला. केक संपल्यावर पान उघडलं, तर माता रडायला लागली होती. फादरांनी थेंब चाखला, बरणीतला एक खडा चाखला, आणि होकारार्थी मान डोलावली.

मावशी म्हणाली, "मीठ तरी कोणी केलं? देवानेच ना?"

पप्पांचा चेहरा उतरला. मठ गेला होता, आणि कार्डं तर बिघडलीच होती. "म्हणजे चूक हिचीच," ते म्हणाले.

ताई म्हणाली, "मीठ झटकायचं होतं. ठेवायला काकांनी सांगितलं. केळीचं पानही त्यांचंच."

खोलीत सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. पस्तीस वर्षं इतरांच्या चुका तपासलेल्या माणसाला स्वतःची चूक सापडायला वेळ लागतो, आणि काकांनी तो घालवला नाही.

"मी सांगितलं, ठीक आहे. पण हिने मला अडवायला नको होतं? शास्त्र माहीत असतं तर अडवलं असतं. हिला रीतसर शिक्षणच नाही! कुठे शिकली ही? पाट्यावर! प्रशिक्षित माणूस असता तर हे घडलंच नसतं."

"बरोबर बोललात," फादर म्हणाले. संध्याकाळभरातलं त्यांचं ते पहिलं पूर्ण वाक्य. "हिला शिक्षण हवं. तुमच्यासारख्या मुख्याध्यापकांनी असं म्हटल्यावर तिच्या वडिलांचा काय इलाज? शिफारसपत्र तुम्हीच लिहा. अक्षर तुमचंच."

काकांनी तोंड उघडलं, पण अक्षराचा उल्लेख झाला होता. त्यांनी खिशातून पेन काढलं. पप्पा आढ्याकडे पाहत होते. भावाचं मत गावात मोडायचं नाही, ही आमच्याकडची रीत त्यांना त्या क्षणी फार जड गेली असावी.

जूनमध्ये नवीन वर्षाचे वर्ग सुरू झाले तेव्हा ताई मुंबईला जाऊ लागली. सोबतीला पहिले काही दिवस पप्पाच गेले, आणि फलाटावर कोणी विचारलं तर मुलगी ऑफिसात आहे असं सांगत राहिले. गावात तिच्याविषयीची हवाही लवकर ओसरली. अश्रू मिठाचे होते म्हटल्यावर बायकांनी कुंचल्यांना हात लावणं सोडलं. एकट्या मावशीने आपलं कार्ड काचेच्या चौकटीत बसवून भिंतीला लावलं होतं, आणि पावसाळ्यात ते रडायचं तेव्हा ती शेजारणींना बोलावून दाखवायची.

एका रविवारी ती गासहून मुद्दाम आली. ताई ओटीवर बसून गृहपाठ करत होती.

"काय गं, तिथे काही रडलं का अजून?"

"नाही मावशी. तिथे सकाळी सगळे ओळीत बसतात आणि सरळ रेघा मारतात."

"मग?"

"मग सर येतात आणि त्या पुसायला लावतात."

"सगळ्या?"

"सगळ्या. पुन्हा पहिल्यापासून. बोलायचं नाही, हसायचं नाही, दागिने घालायचे नाहीत. शाई लागते."

मावशीने पिशवीतली केळी काढून तिच्यापुढे ठेवली आणि समाधानाने भिंतीला टेकून बसली.

"मग मठच की गं," ती म्हणाली.