भांगाच्या दिवसांतला अभ्यास

दिवाळीचा फराळ संपला की मॅट्रिकच्या अभ्यासाला बसायचं, हा माझा नियम. अकरा वर्षं मी तो पोरांच्या कानीकपाळी ओरडत आलो होतो. त्याआधी केलेला अभ्यास परीक्षेपर्यंत शिळा होतो, असंही वर ठणकावून सांगायचो. मी गणिताचा मास्तर, त्यामुळे माझं म्हणणं कुणी खोडून काढत नसे. आणि कुणी काढायला गेलंच, तर माझा आवाज मोठा होता.

किनाऱ्यावरच्या घिवली गावातली जमना तांडेल अकरावीत, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकच्या वर्गात आली, तेव्हा तारापूरच्या अणुवीज केंद्राचं काम जोरात चाललं होतं. साहेब लोक किनाऱ्यावर खांब रोवून भरतीचं पाणी मोजत आणि वहीत आकडे मांडत. जमनाचा बाप वामन तांडेल जुना जाणता दर्यावर्दी. साहेबांनी विचारलं की तो उद्याच्या भरतीची वेळ तोंडी सांगून मोकळा होई, आणि साहेबांना तीच वेळ काढायला दोन पानं लागत. बाकीची पोरं साहेबांना हसायची. जमनाला मात्र ती दोन पानांची आकडेमोड शिकायची होती. त्यासाठी कॉलेजात सायन्सला जायला हवं, आणि मॅट्रिक झाल्याशिवाय कॉलेजचं दार उघडत नव्हतं. वामननं मला घरी बोलावून आपली अट सांगितली.

"एकदा बसू दे तिला, मास्तर. नापास झाली तर दुसऱ्यांदा नाय. मंग मासळीची टोपली डोईवर आन लगीन."

शाळा उघडून चार दिवसही झाले नव्हते, तोच ही पोरगी बीजगणिताची शंका घेऊन हजर. मी म्हटलं, बाई, दिवाळी तर होऊ दे. तिनं दप्तरातून पंचांग काढून माझ्या टेबलावर ठेवलं. दिवाळीनंतर आमच्याकडे वेळ नसतो, म्हणाली.

मी घाटावरचा माणूस. समुद्र पाहिला होता, पण त्याचं वेळापत्रक ठाऊक नव्हतं. ते तिनं मला समजावलं. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, तेव्हा हात मोकळे. नारळी पौर्णिमेनंतर होड्या पाण्यात. मग पुनवेला आणि अवसेला उधाण येतं, पाण्याला ओढ असते, जाळी बोंबलांनी भरून येतात. त्या चार-पाच दिवसांत घरातलं एकूण एक माणूस वाळवणीवर. दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून दोरीवर टाकायचे, ते उरकेपर्यंत मान वर करायची सोय नाही. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाणी मंद. जाळ्यात फारसं काही येत नाही. तिनं आषाढापासून फाल्गुनापर्यंतच्या भांगाच्या दिवसांवर शिसपेन्सिलीनं खुणा केल्या होत्या आणि खुणा मोजून धडे वाटून टाकले होते. उधाणाच्या दिवसांपुढे काही नाही. हिशेबानं निम्मं पुस्तक श्रावणाच्या आत संपायला हवं होतं, म्हणून ती जूनमध्येच आली होती.

मी तिची शंका सोडवली आणि शिक्षकांच्या खोलीत जाऊन सांगितलं, की आता घिवलीच्या पोरी तिथी बघून पास होणार. सगळे हसले. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

आमच्या शाळेत पौष पौर्णिमेला सत्यनारायण घालत आणि दुसऱ्या दिवसापासून मॅट्रिकची पूर्वपरीक्षा सुरू होई. मुहूर्त चांगला, प्रसादही पोटात गेलेला. या परीक्षेत जो नापास होईल त्याचा बोर्डाचा फॉर्म शाळा अडवून धरत असे. गणिताचा पेपर पहिला, तो माझा हट्ट. वेळापत्रक लागलं तशी जमना आली आणि आठवडाभर पुढे ढकलता येईल का, असं विचारू लागली. गावातली आणखी दोघं जण आहेत, त्यांच्यासाठी विचारते, असंही म्हणाली. मी भडकलो. परीक्षा चंद्र बघून घेत नाहीत, असं सुनावलं. ती वेळापत्रक उतरवून घेऊन गेली.

पेपरच्या दिवशी ती वेळेवर आली. बोटांना बारीक चिरा पडलेल्या, कोपरापर्यंत बोंबलांचा वास. पहाटेपासून आईच्या, रंभाबाईच्या, बरोबरीनं दोऱ्या भरून, अडीच मैल चालून ती बाकावर येऊन बसली होती. तिच्या गावची भिका आणि शकू ही दोघं आलीच नाहीत. मी हजेरीवर दोन फुल्या मारल्या आणि नेहमीप्रमाणे पुटपुटलो, की पोरं हुशार आहेत पण आळशी.

तिच्या पेपरला शंभरात ब्याऐंशी मिळाले. दोनदा तपासला, आणखी एकही गुण कापता येईना. तेव्हा कुठे माझं डोकं ठिकाणावर आलं. मी जुने हजेरीपट काढले. दर वर्षी पूर्वपरीक्षेत घिवलीकडची पोरं गैरहजर, नाहीतर नापास. दर वर्षी त्यांचे फॉर्म अडलेले. आणि दर वर्षी परीक्षा पुनवेच्या दुसऱ्या दिवशी, ऐन उधाणात. अकरा वर्षं मी त्यांना आळशी म्हणत होतो. मला स्वतःच्या मुस्काटात मारून घ्यावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांपुढे मी पहिल्यांदाच योग्य कारणासाठी आवाज चढवला. राहिलेल्या दोघांची परीक्षा पुन्हा घेतली, अष्टमीला. दोघंही पास झाली. घिवलीचे तीन फॉर्म त्या वर्षी पालघरच्या परीक्षा केंद्रासाठी गेले.

जूनमध्ये निकालाचं वर्तमानपत्र छत्रीखाली धरून मी चिखल तुडवत घिवलीला निघालो. तिन्ही नंबर होते, आणि जमनाचा पहिल्या वर्गात. असा आनंद मला स्वतःच्या निकालाचाही झाला नव्हता. वामन पडवीत जाळं विणत होता. मी नंबर वाचून दाखवला. रंभाबाईंनी आतून येऊन पोरीला पोटाशी धरलं आणि त्या रडू लागल्या. वामननं हातातलं जाळं खाली ठेवलं, दारात उभा राहिला आणि अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलला.

"माजी जमना कालेजात चालली हाय."

मग माझ्याकडे वळून त्यानं हळूच विचारलं, की तिथली परीक्षा कधी असते. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आईच्या मिठीतून मान काढून जमनाच म्हणाली,

"फाल्गुनात, बाबा. माझे पाच धडे वाचून पन झाले."

निकाल मी आत्ता घेऊन आलो होतो. ती मात्र आधीच कॉलेजच्या अभ्यासाला लागली होती.