पोथीतले इराणी तिरंदाज

भुसावळच्या बाजारात हस्तीमलशेठचं कापडाचं दुकान. पण या माणसाचा जीव कापडात कुठला रमायला, तो अडकलेला घोड्यांत! घरच्या जुन्या जैन पोथीत कालकाचार्यांची कथा होती आणि तिच्यात शक राजाचे स्वार रंगवलेले. गिऱ्हाईक समोर ताटकळत असायचं आणि शेठ आपले सुरू, "हे चित्रकारानं मनचं नाही काढलं हो! इराणी चित्रं बघूनच काढलंय. झग्याचे पल्ले पट्ट्यात खोचलेले बघा. उजव्या कमरेला भाता, डाव्या कमरेला धनुष्याची पिशवी. आपल्याकडचे स्वार असे असतात का?"

"शेठ, अस्तर दाखवता की जाऊ?" गिऱ्हाईक वैतागायचं.

पोथी उघडायची ती वर्षातून एकदाच, ज्ञानपंचमीला, पोथ्यांच्या पूजेच्या दिवशी. फोटो काढायचा नाही, पोथीची आशातना होते, म्हणजे अवमान होतो, असा घरचा दंडक. तेवढ्या एका दिवसाच्या पाहण्यावर शेठनी जन्म काढला. लोकांनी वेड्यात काढलं ते वेगळंच. सत्तरीत कुठे पुण्याच्या एका अभ्यासक बाईंनी नीट ऐकून घेतलं. म्हणाल्या, पंचमीला येते, तुम्ही म्हणता तसं असेल तर तुमच्या नावानं छापू. शेठना आभाळ ठेंगणं झालं.

बाई आल्या. शेठच्या पत्नी जतनबाईंनी पोथी पाटावर ठेवली, वासक्षेपाची चंदनपूड वाहिली, रुमाल सोडला. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

शेठनी पान उलटलं, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं.

घोडे तेच होते. स्वारांना मात्र जयपुरी पागोटी, नवेकोरे अंगरखे, कपाळी केशरी टिळे. भाते नाहीत, धनुष्यं नाहीत. प्रत्येकाच्या हातात कमळ!

"देरासरात देवळाचं रंगकाम चाललंय ना, त्या चित्रकाराकडून उजळून घेतलं," जतनबाई म्हणाल्या. "साधू महाराजसाहेबांना विचारूनच उघडली हो पोथी. पाहुण्या येणार आणि रंग असे उडालेले! आणि धर्माच्या पोथीत बाण कशाला? हिंसाच ती."

"वरचा रंग काढता येईल?" शेठनी बाईंना विचारलं.

बाईंनी भिंगातून बराच वेळ पाहिलं. "खालचं आधी घासून काढलंय. आता काहीच सांगता येणार नाही." त्या चहालाही थांबल्या नाहीत.

अरे, ओरडायचं तरी! पण ओरडणार कुणावर? आयुष्यभर जतनबाईंनी त्या स्वारांकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. पहिल्यांदा पाहिलं, तेही नवऱ्याच्या हौसेखातर.

"काही चुकलं का हो माझं?" त्यांनी बिचकत विचारलं.

"नाही. छान झालंय," शेठ म्हणाले, आणि लहान पोरासारखे रडायला लागले.

जतनबाईंना वाटलं, आनंदानंच रडतायत.